जुना संगणक आणि नवी स्मृति



आमच्या गांवांत एक लहानसें वाचनालय आहे. शासनाच्या वर्गवारींत तें 'ड' वर्गांत मोडतें, म्हणजे शेवटच्या वर्गांत. चार हजारांच्या वर ग्रंथ, दोन लांकडी बाकें, एक लोखंडी टेबल, आणि त्या टेबलावर २०१२ सालीं देणगीच्या पैशांतून घेतलेला एक संगणक, एवढीच त्याची दौलत. शाळेच्या नोकरींतून मोकळा झाल्यापासून मी तेथें रोज संध्याकाळीं जाऊन बसतों आणि ग्रंथांची सूचि संगणकावर चढवितों. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. यंत्रांशीं माझा संबंध सायकलच्या पलीकडे कधीं गेला नव्हता. तरीही आज मी आपल्यापुढें संगणकाच्या एका अवयवाविषयीं बोलणार आहें. त्या अवयवाच्या बदलांत वाचनालयाचा मोठा फायदा झाला, आणि त्याच बदलांत सात महिन्यांचें काम माझ्याच हातून बुडालें. दोन्ही गोष्टी मला सांगावयाच्या आहेत.

यंत्राचा रोग असा होता. बटण दाबावें, खिडक्या उघडाव्या, झाडलोट करावी, वर्तमानपत्रें बाकावर मांडावीं, तरी पडद्यावरचें तें लहानसें वर्तुळ आपलें फिरतच असावयाचें. एखाद्या मुलानें पुस्तकाचें नांव सांगावें, मीं सूचि उघडूं लागावें, तों तो मुलगा कपाटापाशीं जाऊन स्वतःच शोधूं लागलेला असे. मग सूचि कशासाठीं, असा प्रश्न समितींतल्या मंडळींनीं विचारला तर त्यांत त्यांची चूक नव्हती. त्यांतच विंडोज १० या प्रणालीस मिळणारी नियमित डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबली, आणि विंडोज ११ ही प्रणाली इतक्या जुन्या यंत्रास आपल्या पंक्तीस बसूं देत नाहीं. तालुक्याच्या गांवच्या एका दुकानदारानें झांकण न उघडतांच, "गुरुजी, हें भंगारांत द्या," असा निकाल दिला. नव्या यंत्राएवढे पैसे वाचनालयापाशीं नव्हते. शेवटीं पुण्यास नोकरी करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यास मीं फोन केला. तो म्हणाला, "गुरुजी, यंत्र चांगलें आहे. त्याची हार्ड डिस्क तेवढी बदला आणि एस.एस.डी. बसवा."

आतां ही हार्ड डिस्क काय आणि एस.एस.डी. काय, हें समजण्यासाठीं वाचनालयाचाच दाखला घेऊं. संगणकांत एक लेखनिक असतो. त्यास प्रोसेसर म्हणतात. तो अतिशय चपळ. त्याच्यापुढें एक टेबल असतें, तें म्हणजे रॅम. टेबलावर जें मांडलें असेल तेवढेंच लेखनिकास वाचतां येतें, आणि वीज गेली कीं टेबल कोरें. म्हणून जें कायम राखावयाचें तें मागच्या कपाटांत ठेवावें लागतें. तें कपाट म्हणजे हार्ड डिस्क किंवा एस.एस.डी. लेखनिक कितीही चपळ असला तरी कपाटांतून पोथी येईपर्यंत त्यास हात बांधून बसावें लागणार. आमच्या यंत्रांत नेमकें हेंच चाललें होतें.

हार्ड डिस्कच्या पोटांत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात व त्यांवर चुंबकीय द्रव्याचा पातळ लेप असतो. ग्रामोफोनच्या तबकडीवर जशी सुई, तसा येथें एका दांड्याच्या टोकाशीं वाचणारा व लिहिणारा शिरोभाग असतो. फरक एवढाच कीं ग्रामोफोनची सुई तबकडीस टेंकते. येथें तो शिरोभाग तबकडीवर हवेच्या आधारानें तरंगतो, आणि तें अंतर केसाच्या जाडीपेक्षां हजारों पटींनीं कमी असतें. चालू यंत्रास धक्का बसला आणि तो भाग तबकडीवर घासला, म्हणजे तेथील लेख गेलाच. ही कल्पना पहिल्यानें बाजारांत आली ती १९५६ सालीं, आय.बी.एम. या अमेरिकन कंपनीच्या रॅमॅक नांवाच्या यंत्राबरोबर. त्याच्या साठ्यांत दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन एक टनाच्या वर होतें, आणि एवढ्या पसाऱ्यांत ५० लक्ष अक्षरें मावत असत. आज आपल्या खिशांतील फोननें काढलेला एखादा मोठा फोटोही त्यांत बसावयाचा नाहीं.

तबकडी आली म्हणजे फिरणें आलें, आणि फिरणें आलें म्हणजे वाट पाहणें आलें. आपण रहाटगाडगें पाहिलें असेल. आपणांस हवें तें गाडगें नुकतेंच पुढें गेलें असेल, तर पुरा फेरा होईपर्यंत उभें राहावें लागतें. आमच्या यंत्रांतील तबकडी मिनिटास ७,२०० फेरे करीत असे, म्हणजे सेकंदास १२०. एका फेऱ्यास सुमारें ८ सहस्रांश सेकंद लागले. कधीं गाडगें समोरच असतें, कधीं नुकतेंच गेलेलें असतें. म्हणून सरासरीनें अर्धा फेरा, म्हणजे ४ सहस्रांश सेकंद, वाट पाहणें आलें. शिवाय शिरोभागास योग्य वर्तुळावर सरकावयास सुमारें ९ सहस्रांश लागतात. एकूण १३. आपण म्हणाल, एवढ्याशा वेळाचें तें काय? पण संगणक सुरू होतांना हजारों लहान लहान फाइली तबकडीच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून आणाव्या लागतात. दहा हजार वेळां तेरा सहस्रांश, म्हणजे १३० सेकंद. सव्वादोन मिनिटांच्या जवळपास केवळ वाट पाहण्यांत गेलीं. त्रैराशिकाचें गणित शिकविण्यांत जन्म गेलेल्या माणसास हें उत्तर पाहून फार समाधान वाटलें. रोगाचें मूळ सांपडलें होतें.

एस.एस.डी.मध्यें तबकडी नाहीं, दांडा नाहीं, फिरणारें असें कांहींच नाहीं. तेथें सिलिकॉनच्या चकत्यांवर कोट्यवधि सूक्ष्म कोठड्या असतात. कोठडीच्या भोंवतीं वीज जाऊं न देणाऱ्या द्रव्याचें आवरण असतें. जास्त दाबाची वीज देऊन विद्युत्कण त्या आवरणापलीकडे ढकलतात, आणि दाब काढून घेतला म्हणजे ते आंत अडकून राहतात. वीज गेली तरी ते तेथेंच. म्हणून लेख टिकतो. कोठडींत किती कण आहेत हें पाहून यंत्र अक्षर ओळखतें. रांजणांत पाणी किती वर आलें आहे हें काठी घालून पाहावें, तसा हा प्रकार. ही स्मृति तोशिबा कंपनींतील जपानी शास्त्रज्ञ फुजिओ मासुओका यांनीं १९८४ सालीं जगापुढें मांडली, आणि आज एस.एस.डी.मध्यें जो प्रकार वापरतात त्याची मांडणी १९८७ सालीं झाली. यांतून कोणतीही फाइल काढण्यास साधारण एक दशसहस्रांश सेकंद किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो. मघांचेंच गणित पुन्हां मांडा: दहा हजार फाइलींस १३० सेकंदांऐवजीं एक सेकंद.

जाहिरातींत मात्र निराळाच आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. सेकंदास ५५० एमबी, असें त्या खोक्यावर लिहिलेलें होतें. माझा विद्यार्थी म्हणाला कीं आपल्या जुन्या यंत्राचा रस्ताच सेकंदास ३०० एमबीचा आहे, त्याहून अधिक त्यावरून धांवणारच नाहीं. तें ऐकून माझें मन जरा खट्टू झालें होतें. पण तो वेग लागतो मोठमोठ्या सलग फाइली, सिनेमे वगैरे नेण्या-आणण्यास. रोजच्या कामांत गति येते ती वाट पाहणें संपल्यामुळें, आणि रस्ता अरुंद असला तरी वाट पाहणें संपतेंच. ज्यांचीं यंत्रें दहा-बारा वर्षांचीं आहेत त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

या नव्या स्मृतीचे कांहीं विचित्र स्वभावही आहेत. तिच्यावर लिहितां येतें थोडें थोडें, पण पुसतां येतें तें एकदम मोठा भाग मिळूनच. मुलांची पाटी घ्या. पाटीवर एक एक ओळ लिहितां येते. पण समजा नियमच असा केला कीं पुसावयाची तर सबंध पाटी पुसावी. मग एक ओळ बदलावयाची असली तर चांगल्या ओळी दुसऱ्या पाटीवर उतरवून घेऊन मगच पहिली पाटी धुवावी लागेल. एस.एस.डी.मधील एक छोटा नियंत्रक हें काम गुपचूप करीत असतो. त्यास मदत व्हावी म्हणून संगणक त्यास अधूनमधून कळवितो कीं अमुक ओळी आतां नकोत, त्या खुशाल पुसा. या कळविण्यास ट्रिम असें नांव आहे. हें नांव ध्यानांत असूं द्या; पुढें त्याचा माझ्या फजितीशीं संबंध येणार आहे.

दुसरा स्वभाव असा कीं प्रत्येक पुसण्यागणिक कोठडीचें आवरण थोडें झिजतें. हें ऐकून समितीच्या चिटणीसांनीं, "मग ही वस्तु घ्यावयाची कशाला?" असें विचारलें. आम्हीं घेतलेल्या २४० जीबीच्या एस.एस.डी.वर ८० टीबी लिहीपर्यंतची हमी आहे. रोज १० जीबी लिहिलें, तरी हा सांठा संपावयास आठ हजार दिवस लागतील, म्हणजे सुमारें बावीस वर्षें. आमच्या वाचनालयांत रोज त्याचा शंभरावा हिस्साही आम्ही लिहीत नाहीं. तेव्हां झिजण्याची भीति घरगुती माणसानें बाळगूं नये. भीति बाळगावी ती निराळ्या गोष्टीची. जुनी हार्ड डिस्क मरावयास लागली कीं टकटक आवाज करते, अडखळते, सूचना देते, एस.एस.डी.चा नियंत्रक बिघडला तर ती काल चालत होती आणि आज नाहीं, असा मामला होतो. शिवाय वर्षानुवर्षें वीज न देतां ती कपाटांत ठेवून दिली तर कोठड्यांतील कण हळूहळू पाझरून जातात. म्हणून कायमचा दप्तरखाना म्हणून ती निरुपयोगी.

खरेदीविषयीं फार बोलत नाहीं. अडीच इंच रुंदीची, चपटी, साटा पद्धतीची एस.एस.डी. ही जवळजवळ सर्व जुन्या टेबलावरच्या यंत्रांस चालते. दुसरी एक डिंकाच्या वडीसारखी पातळ व लांबट, एम.२ नांवाची येते. तिच्यासाठीं मदरबोर्डवर वेगळी खांच लागते, आणि खांच असली तरी ती कोणत्या जातीची आहे तें पाहावें लागतें. दुकानदाराच्या आग्रहास बळी पडूं नये, आधीं झांकण उघडून पाहावें. २४० जीबीची वस्तु घरीं आणून विंडोजमध्यें पाहिली तर २२३ दिसतात. त्यांत लबाडी नाहीं. कारखानदार हजारानें मोजतो आणि विंडोज १,०२४ नें मोजतें, एवढाच भेद.

बसविण्याचें काम मला वाटलें होतें त्याहून सोपें निघालें. प्रथम विजेची तार भिंतींतून काढली. मग बटण एकदां दाबून आंत उरलेली वीज जाऊं दिली. अंगावर सांचलेली वीज या चकत्यांस मारक असते, म्हणून पेटीच्या उघड्या पत्र्यास हात लावला. बाजूचें झांकण दोन स्क्रूंवर होतें. आंत तेरा वर्षांची धूळ! ती मऊ कुंचल्यानें काढली, आणि खरें सांगावयाचें तर निम्मा वेळ तिच्यांतच गेला. एस.एस.डी.स दोनच तारा जोडावयाच्या: एक रुंद, विजेची, एक अरुंद, मजकुराची. दोन्हींच्या तोंडाशीं काटकोनी खांच असल्यामुळें त्या एकाच बाजूनें बसतात. बसत नसली तर उलटी धरली आहे असें समजावें, जोर करूं नये. तें प्लास्टिक नाजूक असतें. जुनी डिस्क अर्ध्या किलोच्या आसपास होती, ही नवी हातांत धरली तर रिकामी काड्यापेटी धरल्यासारखें वाटतें.

येथपर्यंत सर्व ठीक झालें. पुढें माझी चूक झाली.

आम्हीं विंडोज सोडून लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली बसवावयाचें ठरविलें होतें. विद्यार्थ्यानें फोनवर बजावलें होतें, "गुरुजी, आधीं सूचीची प्रत काढा. आणि प्रणाली बसवितांना जुन्या डिस्कची तार काढून ठेवा." प्रत माझ्यापाशीं होती, पण ती गुढी पाडव्याच्या दिवशीं काढलेली, आणि आतां दिवाळी होऊन गेली होती. मीं मनांत म्हटलें, जुनी डिस्क आहेच कीं, ती कोठें जाते? तिच्यावरून सूचि नंतर उतरवून घेऊं. म्हणून मीं तिची तारही काढली नाहीं. दोन्ही डिस्का जोडलेल्या. प्रणाली बसविणाऱ्या कार्यक्रमानें विचारलें कीं डिस्क संपूर्ण पुसून प्रणाली बसवावयाची काय, आणि खालीं डिस्कांचीं नांवें दाखविलीं. एकापुढें ५०० असा आंकडा, दुसऱ्यापुढें २४०. पहिलें नांव आपोआप निवडलेलें होतें. मीं आंकडा न वाचतांच होकार दिला. प्रश्न पुरता न वाचतां उत्तर लिहिणाऱ्या मुलांना मीं छत्तीस वर्षें बोल लावले आहेत.

वीस-पंचवीस मिनिटांनीं नवी प्रणाली पडद्यावर आली. मला आनंद झाला. पण वेग पाहिला तर पूर्वीचाच. मग पाहतों तों २४० जीबीची डिस्क कोरी करकरीत, आणि सूचि कोठेंच नाहीं. त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. पाडव्यापासून दिवाळीपर्यंत १८७ ग्रंथ चढविले होते. एवढेंच असतें तर दुःख कमी होतें. त्या महिन्यांत मीं जुन्या, सूचि नसलेल्या ग्रंथांतून प्रकरणवार टिपणें काढून सूचींत लिहिलीं होतीं, कोणत्या पुस्तकांत आपल्या तालुक्याची माहिती आहे, कोणत्यांत विहिरींच्या बांधणीविषयीं आहे, अशीं. तीं कोठल्याच वहींत नव्हतीं.

विद्यार्थ्यास सकाळीं फोन केला. तो रागावला नाहीं, याचेंच मला अधिक वाईट वाटलें. त्यानें एवढेंच सांगितलें कीं यंत्र ताबडतोब बंद करा, त्या डिस्कवर आतां एक अक्षरही लिहूं नका, आणि ती माझ्याकडे पाठवून द्या. त्यामागचें कारण समजून घेण्यासारखें आहे. फाइल पुसली म्हणजे हार्ड डिस्कवरील मजकूर लगेच नष्ट होत नाहीं. फक्त तिची नोंद जाते, आणि ती जागा रिकामी आहे असें संगणक समजूं लागतो. त्या जागेवर नवें कांहीं लिहिलें जाईपर्यंत जुनें तेथेंच असतें. वाचनालयाची सूचि जळाली तरी पुस्तकें कपाटांत असतातच, तसें. त्यानें शोधक कार्यक्रम चालवून वार्षिक समारंभांचे फोटो परत काढले, बरींचशीं पत्रें काढलीं. सूचीची मुख्य फाइल मात्र नव्या प्रणालीच्या पायाखालीं आली होती; तिचा अर्धाच भाग हातीं लागला आणि तो उघडेना.

आणि येथें तो ट्रिम आला. विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, हीच चूक एस.एस.डी.वर झाली असती तर फोटोही परत मिळाले नसते." कारण तेथें पुसलेल्या जागा नकोत असें संगणकानें कळविल्यावर नियंत्रक त्या खरोखरच धुऊन टाकतो. मग कोणताही शोधक आला तरी त्यास कोरी पाटीच दिसते. म्हणजे नव्या स्मृतीचा जो गुण, तोच चुकणाऱ्या माणसाच्या बाबतींत दोष ठरतो.

दुसऱ्या वेळीं मीं जुन्या डिस्कच्या दोन्ही तारा काढून ती पेटींतूनच बाहेर ठेवली. पेटींत एकच डिस्क असल्यावर चुकीची निवडणार कोठून? ट्रिमची व्यवस्था या प्रणालींत आठवड्यांतून एकदां आपोआप होते, तिच्यासाठीं कांहीं करावें लागलें नाहीं. मराठी कळफलकही आंत तयारच होता.

आतां यंत्र बटण दाबल्यापासून अर्ध्या मिनिटाच्या आंत कामास लागतें. पूर्वीं चार मिनिटें लागत. याचें सारें श्रेय एस.एस.डी.स देणें बरोबर होणार नाहीं. नवी प्रणाली जुनीपेक्षां हलकी आहे, आणि आम्हीं रॅमही ४ जीबीची ८ केली. रॅमचें टेबल अपुरें पडलें म्हणजे संगणक कपाटालाच टेबल करूं पाहतो, आणि मग कपाट कितीही चपळ असलें तरी ओढाताण होतेच. इंटरनेट पूर्वींइतकेंच मंद आहे. तें बाहेरच्या तारेवर अवलंबून. छपाईही तेवढाच वेळ घेते. पण सूचि मात्र आतां मुलानें नांव पुरें सांगण्याआधीं उघडते.

बुडालेल्या १८७ ग्रंथांच्या नोंदी मीं शाईनें लिहिलेल्या दाखल नोंदवहीवरून पुन्हां चढवितों आहें. ती वही ठेवावी कीं नाहीं यावर समितींत दोन वर्षांमागें वाद झाला होता. संगणक असतां वही कशाला, असें कांहींचें म्हणणें होतें, आणि त्यांत मीही होतों. ती टिंकली म्हणून ग्रंथांचीं नांवें, लेखक, किंमती, तारखा परत मिळाल्या. टिपणांसाठीं मात्र तीं पुस्तकें पुन्हां चाळावीं लागत आहेत. १४० ग्रंथ झाले, ४७ राहिले. जुनी हार्ड डिस्क एका खोक्यांत घालून वाचनालयांत न ठेवतां माझ्या घरीं ठेवली आहे. दर महिन्याच्या अखेरीस ती जोडून सूचीची प्रत तिच्यावर उतरवितों, तारीख लिहितों, आणि लगेच तार काढून तिला घरीं घेऊन जातों.